घरच्या घरी हळदीचा चहा: हळकुंड निवडण्यापासून कप हातात येईपर्यंत

हळदीचा चहा करणं अवघड नाही. गॅसवर भगुनं ठेवल्यापासून फार तर दहा-बारा मिनिटांचं काम. तरीही हौसेनं सुरुवात करणारे बरेच जण आठवड्याभरात तो सोडून देतात. कुणाला कडू लागतो, कुणाला कच्चट वास येतो, कुणाच्या छातीत जळजळतं, कुणाच्या कपात शेवटी पिवळा चिखल उरतो. या प्रत्येक तक्रारीमागं एखादं साधं कारण असतं आणि ते टाळता येतं. पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांसाठी, विशेषतः खोली करून राहणाऱ्या मुलामुलींसाठी आणि नव्यानं संसार मांडणाऱ्यांसाठी, सगळं एका जागी लिहिते आहे.

कृती नंतर बघू, आधी हळद बघा. चहाचा अर्धा गुण हळदीतच असतो. हिंगोली जिल्ह्यात वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, नांदेडकडे अर्धापूर आणि हदगाव, परभणीकडे पूर्णा, या सगळ्या पट्ट्यात हळद पिकते. वसमत हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागातून जाताना शेतात हळद शिजवायचे कुकर लागलेले दिसतात आणि वास रस्त्यापर्यंत येतो. एवढं दारात असताना आपण किराणा दुकानातली पुडी आणतो आणि ती कधी दळली, कुठं दळली हे विचारतही नाही. रोज पोटात जाणाऱ्या वस्तूबद्दल एवढं बेफिकीर राहू नये.

सुरुवातीआधी: हा चहा काय करतो आणि काय नाही

हळदीला पिवळा रंग देणारा मुख्य घटक म्हणजे कर्क्युमिन. सूज कमी करण्याचा त्याचा गुण प्रयोगशाळेत दिसलेला आहे आणि गुडघ्याच्या संधिवातात दुखणं थोडं कमी होतं असं काही चाचण्यांत आढळलं आहे. पण त्या चाचण्यांत लोकांना रोज पाचशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कर्क्युमिन दिलेलं असतं. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्के. अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका कपात पन्नास मिलिग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की फसवणूक होत नाही. हळदीच्या चहानं मधुमेह जातो, कॅन्सर बरा होतो असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका आणि चालू असलेली गोळी या चहाच्या भरवशावर बंद करू नका.

मग प्यायचा कशाला? घसा धरला असेल, सर्दीनं अंग मोडून आलं असेल, थंडीत पोट जड झालं असेल, तर गरम, थोडा तिखटसर, तूप घातलेला हा चहा खरंच आराम देतो. शिवाय दिवसातला एखादा साखरेचा चहा त्याच्यामुळं कमी झाला तर तो फायदा वेगळाच. मला स्वतःला हा दुसरा फायदा फार मोठा वाटतो, कारण आपल्याकडं पाहुणा आला की चहा, उठून निघाला की पुन्हा चहा, आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर.

जखमेवर हळद लावायचं ज्ञान आपल्या घराघरात पिढ्यान् पिढ्या आहे. 1995 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक होते. हे ज्ञान भारतात आधीपासूनच आहे याचे जुने लेखी पुरावे त्यांच्या संस्थेनं मांडले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झालं. पण ती गोष्ट जखमेवर लावायच्या हळदीची. रोज किती प्यायची आणि कुणी प्यायची नाही, याचे नियम वेगळे आहेत. ते सातव्या पायरीत दिले आहेत आणि ती पायरी वगळू नका.

काय काय लागेल

एका माणसाच्या एका कपासाठी:

- हळद पाव चमचा (चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. सवय झाल्यावर अर्धा चमचा.)
- पाणी दीड कप
- साजूक तूप पाव ते अर्धा चमचा
- काळे मिरे दोन
- अद्रक, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं
- गूळ चवीपुरता, नसला तरी चालतो
- अर्ध्या लिंबाचा रस, हवा असेल तर

भांड्यांत एक छोटं जाड बुडाचं स्टीलचं भगुनं, खलबत्ता, बारीक जाळीची गाळणी आणि स्टीलचा किंवा काचेचा कप. प्लास्टिकची गाळणी आणि पांढरा प्लास्टिकचा मग यासाठी वापरू नका, एका कपात कायमचे पिवळे होतात.

1. हळद निवडा, आणि शक्यतो हळकुंडच आणा

नवी हळद बाजारात यायला पाडव्याच्या आसपास सुरुवात होते. वर्षाची हळद घ्यायची तर एप्रिल-मे हा चांगला काळ. हिंगोली आणि वसमतला मोठी बाजारपेठ आहेच, पण नांदेड, परभणीच्या मोंढ्यातही हळकुंड सुटं मिळतं. ओळखीचा शेतकरी असेल तर त्याच्याकडूनच घ्या. आपल्या भागात जास्त करून सेलम जातीची लागवड होते आणि ती चहाला उत्तम चालते.

हळकुंड हातात घेतल्यावर असं बघा. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की टणटण आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर ती नीट वाळलेली नाहीत. एक मोडून बघा. चांगलं हळकुंड वाकत नाही, काडकन तुटतं आणि तुटलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत, गडद नारिंगी-पिवळी दिसते. शिजताना आतला स्टार्च घट्ट बसतो म्हणून ती चकाकी येते. मध्ये फिकट, पिठूळ किंवा काळपट असेल तर शिजवण्यात किंवा वाळवण्यात कसर राहिली आहे. बारीक भोकं दिसली तर कीड लागली आहे, घेऊ नका.

आता एक गोष्ट जरा लक्ष देऊन वाचा. बाहेरून झळझळीत पिवळं दिसणारं हळकुंड म्हणजे चांगलं, अशी समजूत आहे. खऱ्या हळकुंडाचं साल करड्या-पिवळ्या रंगाचं असतं, पॉलिश केल्यावर ते थोडं उजळतं, पण भिंतीला दिलेल्या रंगासारखं चमकत नाही. अशी चमक आणायला लेड क्रोमेट नावाचा रंग वापरल्याची प्रकरणं घडलेली आहेत. त्यात शिसं असतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशानं कायमची इजा होते. बांगलादेशात हळदीला हाच रंग लावला जात होता हे तिथल्या आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली उघड केलं. म्हणून मी शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेलं, ओबडधोबड हळकुंड घेणं पसंत करते. दिसायला गावठी, पण वरून काही चढवलेलं नसतं.

हळद पिकवणाऱ्या गावांत आणखी एक धोका असतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मे-जूनमध्ये लागवड झाली की कुणाकडं बेणं उरतं आणि शेजारीपाजारी वाटलं जातं. ते बेणं पोटात घेऊ नका. लागवडीआधी बेण्याला कीटकनाशक आणि बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवलेलं असतं. धुतलं, सोललं, उकळलं तरी नको.

तसंच आंबेहळद आणि आपली स्वयंपाकाची हळद एक नाही. मुका मार लागला, पाय मुरगळला की लेप द्यायला आंबेहळद आणतात. चहाला ती घेऊ नका.

पुडीच घ्यायची असेल तर पाकिटावर अन्न सुरक्षा विभागाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख बघा, आणि लहानच पाकीट घ्या. घरी आणल्यावर पाण्याची चाचणी करा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वरून अर्धा चमचा हळद सोडा आणि ढवळू नका. शुद्ध हळद हळूहळू तळाशी बसते, पाणी फिकट पिवळं होतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी लगेच गडद पिवळं होतं. या चाचणीनं सगळी भेसळ पकडली जात नाही, शिसं तर प्रयोगशाळेतच कळतं. पण उघडउघड रंगवलेली हळद ओळखायला एवढं पुरतं.

चुन्याची चाचणी मात्र सोडून द्या. हळदीवर चुना टाकला आणि लाल झाली म्हणजे शुद्ध, असं सर्रास सांगितलं जातं. चुना, सोडा, साबण यांनी हळद लाल होणारच, तो तिचा धर्म आहे, हळदीचं कुंकू त्याच गुणावर होतं. निम्म्या हळदीत निम्मं पीठ मिसळलं तरी चुना तिला लालच करतो. त्यावरून शुद्ध-अशुद्ध काही ठरत नाही.

2. दळून आणा आणि नीट ठेवा

रोज एक कप आणि कपाला अर्धा चमचा धरला तर एका माणसाला वर्षाला अर्धा किलोच्या थोडी वर हळद लागते. स्वयंपाकाची वेगळी. पण सगळी एकदम दळू नका. हळकुंड वर्षभर टिकतं, दळल्यावर मात्र वास उडायला लागतो. तीन महिन्यांची दळायची, बाकीची हळकुंडं कोरड्या डब्यात ठेवायची.

दळायच्या आधी हळकुंडं ओल्या फडक्यानं पुसून दोन दिवस कडक उन्हात टाका. मग लोखंडी खलबत्त्यात जाडसर ठेचून घ्या. घरच्या मिक्सरमध्ये अख्खं हळकुंड कधीही टाकू नका. ते इतकं कडक असतं की पातं वाकतं नाहीतर भांड्याला तडा जातो.

मसाल्याच्या गिरणीवर गेलात की आधी विचारा, "दादा, आत्ता काय दळलंय?" नुकतंच तिखट दळून झालं असेल तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. उन्हाळ्यात घराघरातलं तिखट-मसाला दळणं एकदमच चालू असतं, त्यामुळं हा प्रश्न विचारावाच लागतो. तिखटावर दळलेली हळद भाजीत कळत नाही, चहात पहिल्याच घोटाला ठसका लागतो. गिरणीवाल्याला सांगून पहिली ओंजळभर हळद वेगळ्या पिशवीत घ्या, ती भाजीला वापरा, आणि पुढची चहासाठी ठेवा.

गिरणीतून आलेली हळद गरम असते. तशीच डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते आणि चार दिवसांत गुठळ्या होतात. सावलीत सुती कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. मग मैद्याच्या चाळणीनं चाळा. चाळणीवर राहिलेली जाड भरड चहाला वापरू नका, कपाच्या तळाशी जो चिखल उरतो त्यातला बराचसा या भरडीचा असतो. डाळीला, भाजीला ती चालते.

चाळलेली हळद स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. काचेच्या बरणीत ठेवून ती खिडकीत मांडू नका. उजेडानं हळदीचा रंग आणि त्याबरोबर कर्क्युमिनही उडतं. डब्यात ओला चमचा घालायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

3. तुपात हळद फुलवा

चहा चांगला झाला की बिघडला, हे इथं ठरतं. बहुतेक जण पाणी उकळतात आणि वरून हळद भुरभुरवतात. हळद पाण्यात विरघळत नाही, तरंगते, मग तळाशी बसते, आणि कच्चट वास तसाच राहतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपा-तेलात विरघळतं. आपण फोडणीत हळद तेलात का टाकतो याचं उत्तरही यातच आहे.

भगुनं मंद आचेवर ठेवा, त्यात तूप घाला. तूप वितळलं, किंचित गरम झालं की गॅस बंद करा. बंद केल्यावरच हळद टाका. चमच्यानं तळाशी फिरवत राहा. पहिल्या क्षणी मातकट, कच्चा वास येतो. मग तूप कडेनं केशरी व्हायला लागतं, बारीक फेसाळतं आणि वास बदलतो. कच्चेपणा जाऊन खमंग वास आला की लगेच पाणी ओता. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे, म्हणून पाणी आधीच मोजून हाताशी ठेवा. हळद तपकिरी झाली तर ती जळली. जळालेल्या हळदीचा चहा गूळ घालूनही कडूच लागतो, तो ओतून द्या आणि भगुनं घासून पुन्हा सुरू करा.

4. उकळा

पाणी ओतल्यावर गॅस पुन्हा लावा. अद्रक ठेचून टाका, किसू नका, किसलेलं गाळणीत अडकतं. मिरे खलबत्त्यात जाडसर कुटून टाका. अख्खे मिरे टाकून उपयोग नाही, त्यांचा गुण आतच राहतो.

मिरे चवीसाठी नाहीत, ते मुद्दाम घालायचे. एकटं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं जातं, बरंचसं यकृतात मोडून बाहेर टाकलं जातं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं की मिऱ्यातलं पायपरीन सोबत दिलं तर माणसांत हे शोषण जवळपास वीस पटींनी वाढतं. त्यांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पायपरीन दिलं होतं. आपल्या कपात दोन्ही खूपच कमी असतं, तेव्हा तेवढ्याच परिणामाची अपेक्षा धरू नका, पण मिरे वगळूही नका.

उकळी आली की आच मंद करा आणि पाच ते सात मिनिटं झाकण ठेवून होऊ द्या. उष्णतेनं हळदीचा गुण पाण्यात जास्त उतरतो, पण खूप वेळ उकळलं तर तो नासतोही. अर्धा तास आटवलेला काढा जास्त गुणकारी असतो हा समज हळदीला लागू होत नाही. कुकरमध्ये तर मुळीच करू नका.

आपल्याकडं अनेक ठिकाणी बोअरचं जड पाणी असतं. अशा पाण्यात चहा कधी कधी पिवळ्याऐवजी लालसर दिसतो. घाबरायचं कारण नाही, पाणी थोडं क्षारयुक्त आहे एवढाच त्याचा अर्थ. शेवटी लिंबू पिळलं की रंग परत पिवळा होतो. तरी पिण्याचं गोडं पाणी मिळत असेल तर तेच घ्या, क्षारात कर्क्युमिन लवकर नासतं. आणि चहा लवकर उकळावा म्हणून त्यात कधीही सोडा टाकू नका.

5. गाळा, गूळ घाला, लिंबू पिळा

गॅस बंद करून दोन मिनिटं झाकून ठेवा. मग गाळून घ्या. गाळताना भगुनं अलगद तिरपं करा, तळाचा शेवटचा घोट भगुन्यातच राहू द्या.

गूळ कपात घाला, उकळताना नको. लिंबू सगळ्यात शेवटी, चहा ओठाला सोसेल एवढा निवल्यावर. मध घालायचा असेल तर तोही कोमट झाल्यावर. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देत नाहीत, हे घरात तान्हं बाळ असेल तर लक्षात असू द्या.

पिताना अधूनमधून चमच्यानं ढवळत राहा. हळद कितीही बारीक असली तरी थोडी खाली बसतेच, आणि वर तुपाचे थेंब तरंगतात. दोन्ही पोटात जायला हवं.

चहाची पत्ती टाकायची का, असं हमखास विचारलं जातं. माझं मत नको असं आहे. पत्तीचा तुरटपणा आणि हळदीचा कडवटपणा एकमेकांना पूरक नाहीत. काही तरी हवंच असेल तर गवती चहाची दोन पाती गाठ मारून टाका, नाहीतर तुळशीची चार पानं. थंडीत दालचिनीचा लहान तुकडाही छान लागतो.

6. दुधाचा आणि ओल्या हळदीचा प्रकार

दुधाचा करायचा तर अर्धा कप पाणी आणि एक कप दूध घ्या. म्हशीचं सायीचं दूध असेल तर तूप अगदी नावाला पुरे. तुपात हळद फुलवून आधी पाणी घाला, मिरे आणि अद्रक पाण्यातच चांगलं उकळू द्या आणि मगच दूध ओता. कच्चं अद्रक थेट दुधात पडलं की दूध फाटायची भीती असते. गूळ दुधात उकळलात तरी फाटतं, म्हणून तो खाली उतरवून, थोडं निवल्यावर. आणि दुधाच्या प्रकारात लिंबू नाही.

ओली हळद जानेवारी ते मार्च, काढणीच्या दिवसांत मिळते. तिची चव वेगळीच, थोडी गोडसर आणि ताजी. ओल्या हळदीत पाणीच जास्त. पाच किलो ओली शिजवून वाळवली की साधारण एक किलो हळकुंड हाती येतं. त्या हिशेबानं अर्धा चमचा पुडीच्या जागी ओल्या हळदीचं बोटाच्या एका पेराएवढं कांड लागतं. माती खरवडून, धुऊन, साल काढून ठेचा आणि तुपात जरा जास्त वेळ, अर्धा-एक मिनिट, परता. हाताला तेल लावून मगच सोला. नाहीतर चार दिवस बोटं पिवळी राहतात.

7. किती, कधी आणि कुणी प्यायचा नाही

पहिला आठवडा पाव चमचा हळदीचा एक कप. त्रास झाला नाही तर अर्धा चमचा. त्याच्या पुढं जाऊ नका. जास्त घातल्यानं जास्त गुण येत नाही, पोट बिघडतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं कर्क्युमिनची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागं 3 मिलिग्रॅमपर्यंत ठरवलेली आहे. साठ किलोच्या माणसाला 180 मिलिग्रॅम. आपला एक कप आणि दिवसभराच्या भाजी-डाळीतली हळद त्यात आरामात बसते. त्यावर कर्क्युमिनच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

अनशापोटी पिऊ नका, छातीत जळजळतं ते त्यामुळंच. सकाळी न्याहारीनंतर किंवा रात्री जेवणानंतर तासाभरानं घ्या. मे महिन्याच्या उन्हात, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना, मी स्वतः हा चहा बंद ठेवते आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा सुरू करते.

खालच्यांपैकी काही लागू होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा:

- रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील. हळदीनं त्यांचा परिणाम वाढू शकतो.
- ऑपरेशन ठरलं असेल. निदान दोन आठवडे आधी रोजचा चहा थांबवा आणि सर्जनला तसं सांगा.
- पित्ताशयात खडे असतील किंवा कावीळ झाली असेल.
- मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल. हळदीत ऑक्झलेट बरंच असतं आणि आपल्या भागात हा आजार कमी नाही.
- मधुमेहाची औषधं चालू असतील. साखर जास्त खाली जाऊ शकते. आणि गूळ हीसुद्धा साखरच, तो घालू नका.
- फिट्सची किंवा इतर कायमची औषधं चालू असतील. मिऱ्यामुळं काही औषधं रक्तात जास्त प्रमाणात जातात.
- दिवस गेले असतील. भाजीतली हळद चालते, रोजचा चहा विचारूनच.

रक्त कमी असलेल्या बायकांसाठी हे वेगळं लिहिते, कारण घरोघरी हीच अडचण आहे. कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं, त्यामुळं अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगी लागायला अडथळा होऊ शकतो. लोहाच्या गोळीच्या आणि जेवणाच्या वेळेपासून हा चहा दोन तास लांब ठेवा. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर ते भरून येईपर्यंत चहा राहू द्या. आधी रक्त वाढू द्या, चहा कुठं पळून जात नाही.

लहान मुलांना वेगळा चहा करायची गरज नाही. सर्दी-खोकल्यात कोमट दुधात चिमूटभर हळद पुरे.

8. डाग आणि उरलेला चहा

कपड्यावर सांडला तर लगेच साबण लावू नका, डाग लाल होतो आणि जीव घाबरा होतो. आधी गार पाण्यानं खळखळून धुवा, मग साबण लावा, आणि ओला कपडा सरळ उन्हात वाळत घाला. ऊन हळदीचा रंग खातं. एका उन्हात नाही गेला तर पुन्हा भिजवून दुसऱ्या दिवशी घाला. ओट्यावरच्या डागालाही लिंबू चोळून जमेल तेवढं ऊन लागू द्या.

सकाळी करून ठेवलेला चहा संध्याकाळी गरम करून पिऊ नका. चव उतरते आणि पुन्हा उकळल्यानं उरलासुरला गुणही जातो. वेळ वाचवायचा असेल तर तुपात फुलवलेल्या हळदीचा गोळा करून ठेवा. चार चमचे तूप, चार चमचे हळद आणि कुटलेल्या मिऱ्यांची पाऊण चमचा पूड, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत. गार झाल्यावर छोट्या स्टीलच्या डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की दोन आठवडे राहतो. सकाळी घाई असली की त्यातला अर्धा चमचा गोळा आणि ठेचलेलं अद्रक उकळत्या पाण्यात टाकायचं, चार-पाच मिनिटं होऊ द्यायचं आणि गाळायचं.